लांडोरीची अंडी, कोंबडीची ऊब

आषाढ-श्रावणात सोयाबीनची खुरपणी चालू असते आणि ओळीतून पुढं सरकणाऱ्या बायकांपैकी एखादी मध्येच थांबते. तुरीच्या पाट्यात, गवताच्या आडोशाला, जमिनीतल्या उथळ खळग्यात चार-पाच अंडी दिसतात. मळकट पांढरी, जाड कवचाची, गावरान कोंबडीच्या अंड्याच्या जवळजवळ दुप्पट. लांडोर आवाजानं उठून गेलेली असते. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरकडच्या डोंगराळ पट्ट्यात किंवा गोदावरी-दुधनेच्या काठच्या शेतांत हे नवलाचं नाही. मग संध्याकाळी आखाड्यावर प्रश्न येतोच : "भाऊ, घरी खुडूक कोंबडी हाय की. तिच्याखाली ठेवली तर काय बिघडलं?"

विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. कुत्र्या-मुंगसाच्या तोंडी जाण्यापेक्षा अंगणात चार मोर वाढतील, असं त्याला वाटतं. म्हणून या प्रश्नाला नीट उत्तर दिलं पाहिजे. कायद्याचं उत्तर थोडक्यात सांगता येतं. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. या कायद्यात शिकारीचा अर्थ फक्त मारणं असा नाही. पकडणं, घरट्याला धक्का लावणं, अंडी उचलणं हे सगळं त्यात येतं, आणि शिक्षा किमान तीन वर्षांची, कमाल सात वर्षांची. पांढरा मोर असला तरी तो त्याच जातीचा असल्यानं त्याला वेगळी सूट नाही. आपल्याकडं मोर ठेवायचा तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता असलेल्या प्राणिसंग्रहालयानं, नाहीतर वनखात्याच्या परवानगीनं चालणाऱ्या उपचार केंद्रानं. नैसर्गिकरीत्या गळलेलं मोरपीस घरात ठेवायला हरकत नाही, म्हणून वासुदेवाची टोपी आणि दर्ग्यातलं मोरचेल दोन्ही चालू आहेत.

पण नियम सांगून माणसाचं समाधान होत नाही. कोंबडीखाली का नको, हे समजायचं असेल तर पिंजऱ्यात मोर कसा जगतो, कसा वाढवतात आणि त्यात काय-काय बिघडतं, ते पायरीपायरीनं पाहावं लागतं. युरोप-अमेरिकेत मोर पाळणं हा जुना छंद आहे, आपल्या प्राणिसंग्रहालयांतही मोरांची पैदास होते. त्यामुळं हे ज्ञान बरंच पक्कं आहे.

सुरुवात जागेपासून. मोराचा पिसारा म्हणजे त्याची शेपटी नव्हे. शेपटी वेगळी असते, वीस आखूड, तपकिरी पिसांची. ती मागून पिसाऱ्याला टेकू देते. पिसारा हा शेपटीच्या वरच्या आच्छादनपिसांचा, दीडशेच्या आसपास पिसांचा. तो फुलवला की दोन मीटरच्या आसपास रुंदी होते. त्यामुळं पिंजरा किती लांब-रुंद हवा हे पक्ष्याच्या वजनावरून ठरत नाही, फुललेल्या पिसाऱ्यावरून ठरतं. जाळीला घासून पिसं मोडली तर ती वर्षभर तशीच राहतात, कारण पिसं गळतात एकदाच, पावसाळा सरताना. रात्री बसायची दांडी उंच हवी, कारण रानात तो झाडावरच झोपतो. पण ती भिंतीपासून इतकी दूर हवी, की मागं लोंबणारा पिसारा भिंतीला लागू नये. दांडी रुंद आणि चपटी असेल तर पाय झाकून बसता येतं.

छतावर मऊ दोऱ्याची जाळी लागते. पिंजऱ्यात मोर घाबरला की सरळ वर उसळतो. वर लोखंडी जाळी असेल तर डोकं फुटतं किंवा मान मोडते. पिंजऱ्याला दोन दारं एकामागं एक असतात. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. जाळीचा पाया जमिनीखाली दोन फूट तरी उतरवतात, नाहीतर कुत्री आणि मुंगूस उकरून आत येतात.

आता जमीन. आपल्या भागात ही बाब सगळ्यात नाजूक आहे. परभणीची काळी जमीन कापसाला सोन्यासारखी, पण पिंजऱ्याला वाईट. पावसात पाणी धरून ठेवते, चिखल होतो, ओल आठवडाभर हटत नाही. त्या ओलीत जंतांची अंडी आणि रोगाचे परजीवी टिकतात. म्हणून काळी माती काढून मुरूम भरायचा, वर वाळूचा थर द्यायचा आणि उतार काढायचा. एक कोपरा छपराखाली कोरडा ठेवायचा. तिथं पक्षी मातीत लोळतो, अंगावरच्या उवा-पिसवा झटकतो. उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर गेला की पक्षी चोच उघडून धापा टाकतो, कारण त्याला घाम येत नाही. हिरवी जाळी, दाट झाड, दिवसातून दोनदा बदललेलं पाणी आणि दुपारी तुषार एवढं केलं तर तो हे ऊन काढतो. मोर मूळचा याच प्रदेशाचा आहे. त्याचा त्रास उन्हापेक्षा कोंडलेल्या हवेचा असतो.

खाण्याबाबत माणसं बहुतेकदा चुकतात. ज्वारी-बाजरी टाकली की झालं, असं वाटतं. रानातला मोर दाणे खातो, पण त्याबरोबर किडे, वाळवी, सरडे, लहान साप, बोरं, कोवळे कोंब आणि फुलंही खातो. नुसत्या धान्यावर ठेवलेला पक्षी चरबी धरतो आणि त्याचं यकृत बिघडतं. मोठ्या पक्ष्याला धान्याच्या जोडीला प्रथिनांचं खाद्य, लसूणघास किंवा मेथीसारखा हिरवा पाला आणि भिजवलेला हरभरा लागतो. अंड्यावर येणाऱ्या लांडोरीला शिंपल्यांचा चुरा लागतो, नाहीतर कवच पातळ येतं. मका किंवा शेंगदाणे द्यायचे तर बुरशी नीट पाहून. बुरशीतून तयार होणारं विष यकृतावर घाव घालतं आणि पक्षी हळूहळू, कारण न कळता मरतो.

मोराला पूर्ण पिसारा तिसऱ्या वर्षी येतो, लांडोर साधारण दुसऱ्या वर्षापासून अंडी देते. एका मोरासोबत तीन ते पाच लांडोरी ठेवतात. लांडोर एक दिवसाआड एक अंडं देते, चार ते सहा झाली की बसते. अंडी उचलत राहिलं तर ती आणखी देत जाते. व्यापारी पैदाशीत याचाच फायदा घेतात आणि अंडी यंत्रात ठेवतात. तापमान साडेसदतीस अंशांच्या आसपास, अंडी दिवसातून अनेकदा फिरवायची, शेवटचे तीन दिवस फिरवणं बंद, ओल वाढवायची. आठव्या-दहाव्या दिवशी अंधारात टॉर्चसमोर धरून आतलं रक्तवाहिन्यांचं जाळं पाहायचं. नेमकेपणानं काम करणारे अंडं दर काही दिवसांनी तोलतात. शंभर ग्रॅमचं अंडं पिल्लू निघेपर्यंत पंच्याऐंशी ग्रॅमच्या आसपास यायला हवं. वजन कमी उतरलं तर ओल जास्त झाली आहे, पिल्लू आत पाण्यात गुदमरेल. जास्त उतरलं तर ते कवचाला चिकटेल.

पिल्लू निघायला अठ्ठावीस दिवस लागतात, कधी एखाद-दोन जास्त. कोंबडी एकवीस दिवसांच्या हिशेबानं बसते. एखादी चांगली खुडूक कोंबडी आठवडाभर जास्त बसतेही, पण सगळ्या बसत नाहीत. विसाव्या-बाविसाव्या दिवशी ती उठून गेली तर आत जवळजवळ पूर्ण झालेलं पिल्लू थंड होऊन मरतं. शिवाय अंडी मोठी. तिच्या पंखाखाली चार-पाचच मावतात आणि ती उलटताना तिला जड जातात.

समजा, तरीही पिल्लं निघाली. मोराच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांची ऊब लागते आणि पंचवीस टक्क्यांहून जास्त प्रथिनांचं खाद्य. ते स्वतःहून चटकन टिपायला शिकत नाही. लांडोर चोचीत किडा धरून त्याला दाखवते, त्याच्यासमोर ठेवते. कोंबडी मात्र जमिनीवर उकरून बोलावते. काही पिल्लं तेही शिकतात. पण कोंबडी दोन महिन्यांत पिल्लांना टोचून हाकलायला लागते, आणि लांडोरीची पिल्लं तिच्यामागं कितीतरी महिने फिरतात. पंधरा दिवसांत त्यांचे पंख फुटतात, ती फांदीवर आईच्या पंखाखाली जाऊन झोपतात. कोंबडी खुराड्यात बसते. पिल्लाला झाडावर चढायचं असतं आणि आई खाली असते.

याहून मोठा धोका डोळ्यांना न दिसणारा आहे. कोंबडीच्या आंधळ्या आतड्यात एक बारीक जंत असतो. त्या जंताच्या अंड्यात एक परजीवी दडून राहतो. कोंबडीला त्याचा फारसा त्रास होत नाही. पण त्याच मातीत चरणाऱ्या टर्कीच्या किंवा मोराच्या पिल्लाच्या पोटात तो गेला की आतडं आणि यकृत कुजतं, विष्ठा गंधकासारखी पिवळी होते आणि पिल्लं काही दिवसांत जातात. पशुवैद्यकात याला ब्लॅकहेड म्हणतात. जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. गांडूळ ती खातं, आणि ते गांडूळ पिल्लू आवडीनं खातं. त्यामुळं ज्या अंगणात आजवर कोंबड्या फिरल्या, ते अंगण मोराच्या पिल्लासाठी स्वच्छ कधीच नसतं. मानमोडी, देवी, रक्ती हगवण हे कोंबड्यांचे नेहमीचे रोग वेगळेच. जाणकार मोरपालक कोंबड्या आणि मोर एका आवारात ठेवत नाहीत. खुडूक कोंबडीचा प्रश्न माझ्या दृष्टीनं इथंच संपतो.

पिल्लाच्या मनाचाही एक भाग आहे. उबवल्यावर ज्याच्या सोबतीत ते वाढतं, त्यालाच ते आपली जात समजतं. व्हिएन्नाच्या शोनब्रुन प्राणिसंग्रहालयातल्या एका मोराची हकिगत प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेंझ यांनी लिहून ठेवली आहे. त्या विणीतलं एकच पिल्लू वाचलं होतं. थंडी होती म्हणून त्याला उबदार खोलीत महाकाय कासवांबरोबर ठेवलं. मोठा झाल्यावर तो मोर आयुष्यभर कासवांपुढंच पिसारा फुलवत राहिला, लांडोरींकडं त्यानं पाहिलं नाही. माणसाच्या हाताखाली वाढलेला नर माणसापुढं नाचतो आणि पुढं विणीच्या दिवसांत माणसावरच धावून जातो. तो रानात सोडण्याच्या लायकीचा राहत नाही.

आता ज्याला लोक दुर्मीळ मोर म्हणतात, त्याकडं वळू. मोराचा निळा-हिरवा रंग हा रंगद्रव्याचा नाही. पिसाच्या अतिसूक्ष्म तंतूंत मेलॅनिन या काळपट द्रव्याच्या कांड्या जाळीसारख्या ठराविक अंतरावर रचलेल्या असतात. त्या अंतराप्रमाणं प्रकाशातला एखादा रंग उजळून परत येतो. अंतर थोडं बदललं की निळ्याचा हिरवा होतो, हिरव्याचा तांबूस. पांढऱ्या मोराच्या पिसांत मेलॅनिनच नसतं, म्हणून जाळी नाही आणि रंगही नाही. तरी त्याचे डोळे गुलाबी नसतात, म्हणून तो अल्बिनो नव्हे. त्याची पिल्लं पिवळी निघतात. पांढऱ्याची जोडी पांढऱ्याशी लावली तर सगळी पांढरी होतात. निळ्याशी लावली तर पिल्लं वरकरणी निळी, पण पंखात एखादं-दुसरं पांढरं पीस घेऊन येतात. आईबापांकडून आलेले दोन वेगळे अंश तिथं डोळ्यांना दिसतात.

काळ्या खांद्याचा मोर असाच. एकोणिसाव्या शतकात त्याला वेगळी जातच समजून शास्त्रीय नावही दिलं होतं. डार्विननं १८६८ च्या पुस्तकात दाखवलं, की तो साध्या निळ्या मोरांच्या पिंजऱ्यात आपोआप उपजतो, म्हणजे ती त्याच जातीची वेगळी छटा आहे. हा गुण आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. दोघंही दिसायला निळे पण आत तो गुण बाळगणारे असले, तर सरासरी चारांत एक पिल्लू काळ्या खांद्याचं होतं. फिकट तपकिरी रंगाच्या कॅमिओचं गणित निराळं आहे. पक्ष्यांत नराला सारखी दोन लिंगगुणसूत्रं असतात, मादीला ते एकच. कॅमिओचा गुण त्याच गुणसूत्रावर असतो. म्हणून कॅमिओ नर आणि निळी मादी यांच्या सगळ्या मुली कॅमिओ होतात आणि सगळे मुलगे निळे, पण गुण पोटात धरून असलेले. ओपल, चारकोल, जांभळा, पीच अशा कितीतरी छटा पैदासकारांनी टिकवल्या आहेत. या सगळ्यांचं मूळ भारत-श्रीलंकेतला आपलाच मोर.

मला इथं ठामपणे म्हणायचं आहे, की या छटा दुर्मीळ असल्या तरी तो पक्षी दुर्मीळ नाही. एखादी छटा पक्की करायला भावाबहिणींची, बाप-लेकीची जोडी लावत जातात. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. लाल कंधारी पाळणारा माणूस वळू त्याच्याच कालवडींवर जाऊ देत नाही, दर काही वर्षांनी वळू बदलतो. मोरांतही तेच घडतं. रक्त एकाच घरात फिरत राहिलं की अंडी पोकळ निघतात, पिल्लं अशक्त होतात. शिवाय रानात जोडीदार निवडते ती लांडोर. इंग्लंडमधल्या व्हिप्सनेड इथं मॅरियन पेट्री यांनी ठराविक मोरांसोबत लांडोरी कोंडून पिल्लं वाढवली आणि मोकळी सोडली. ज्यांच्या पिसाऱ्यावरचे डोळे मोठे, त्या नरांची पिल्लं जोमानं वाढली आणि जास्त जगली, असं त्यांनी १९९४ मध्ये मांडलं. २००८ मध्ये जपानमधल्या दीर्घ निरीक्षणात लांडोरींची पिसाऱ्याला तशी पसंती आढळली नाही, म्हणजे हा वाद मिटलेला नाही. पण लांडोर काहीतरी पारखते आणि पिंजऱ्यात ती पारख माणूस काढून घेतो, एवढं नक्की.

खरंच दुर्मीळ मोर दोन. एक आग्नेय आशियातला हिरवा मोर. त्याच्या नराइतकीच मादीही झळाळते, तुरा पंख्यासारखा न पसरता भाल्यासारखा उभा असतो. मलाय द्वीपकल्पातून तो संपला, जावा, म्यानमार, व्हिएतनाम, कंबोडिया आणि चीनच्या युन्नानमध्ये तुकड्यातुकड्यांत उरला आहे. दुसरा कांगोच्या वर्षावनातला. त्याचा शोध १९३६ पर्यंत जगाला लागला नव्हता. जेम्स चॅपिन यांनी १९१३ मध्ये कांगोत एका टोपीवर खोचलेलं अनोळखी पीस जपून ठेवलं होतं. तेवीस वर्षांनी बेल्जियममधल्या टेर्व्युरेनच्या संग्रहालयात त्यांना कोपऱ्यात पडलेले दोन पेंढा भरलेले पक्षी दिसले, आणि त्यावर चिठ्ठी होती पाळीव भारतीय मोराची.

हिरव्या मोराला बंदिवासात एक वेगळाच धोका आहे. तो आणि आपला निळा मोर एकत्र ठेवले की त्यांचं जमतं आणि त्यांची संतती वांझ नसते. अमेरिकेत अशा संकराला स्पॅल्डिंग म्हणतात. ती देखणी, उंच, काटक असते आणि तिची पुढची पिल्लं दोन-तीन पिढ्यांत डोळ्यांना शुद्ध हिरवी वाटायला लागतात. मग हिरवा म्हणून विकलेला पक्षी खरंच हिरवा आहे की नाही, हे रक्ताची जनुकीय तपासणी केल्याशिवाय कळत नाही.

म्हणून संवर्धनासाठी मोर ठेवणारे पिंजऱ्याच्या आधी वही उघडतात. प्रत्येक पक्ष्याला क्रमांक, पायात कडं, आई-बापाचे क्रमांक, जन्म, मृत्यू, कुठून कुठं गेला याची नोंद. कांगो मोराची युरोपभरची अशी वंशावळ अँटवर्प प्राणिसंग्रहालय सांभाळतं. कुणाचे नातेवाईक सगळ्यात कमी आहेत हे वहीतून काढायचं आणि त्याची जोडी आधी लावायची, मग तो पक्षी दुसऱ्या देशात का असेना. सोयरीक जुळवताना जुनी माणसं जशी दोन्हीकडचं नातं आधी तपासतात, तसंच हे काम चालतं.

सगळे पक्षी एका जागी ठेवत नाहीत, याचं कारण परभणीकरांना दूर शोधायला नको. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लूचा अहवाल आला. मग परिसरातल्या उरलेल्या कोंबड्याही प्रशासनाला माराव्या लागल्या. बाधित टापूत एखाद्या जातीचे शेवटचे वीस पक्षी असते तर काय, याचा विचार करावा. म्हणून चार-पाच ठिकाणी विभागणी, नव्या पक्ष्याला महिनाभर वेगळं ठेवणं, आत जाताना पाय धुणं, आणि पिंजऱ्याच्या छताला रानपक्षी आत येणार नाहीत इतकी बारीक जाळी.

आपल्या मोरासाठी हे काही करावं लागत नाही, कारण तो अजून मोकळा आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातल्या नायगावला त्याच्यासाठी १९९४ मध्ये अभयारण्य झालं, सुमारे तीस चौरस किलोमीटरचं, झुडपी माळरानाचं. पुण्याकडच्या मोराची चिंचोलीत तर गावाच्या चिंचांवरच मोर राहतात. परभणी जिल्ह्यात जंगल अगदी थोडं, इथले मोर शेतातच राहतात. त्यांना लागतं ते धुऱ्यावरचं बाभूळ-लिंबाचं उंच झाड, थोडं न कापलेलं गवत, उन्हाळ्यात पाण्याची जागा, आणि औषध चोळलेलं बियाणं उघड्यावर सांडलेलं नसणं. पेरणीच्या दिवसांत असं बियाणं टिपून मोर एका जागी मरून पडल्याच्या बातम्या येतात. तिफणीच्या वळणावर सांडलेले दाणे मातीनं झाकायला दोन मिनिटं लागतात. जखमी मोर दिसला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. पकडायचीच वेळ आली तर वर कापड टाकून अंधार करावा, तो शांत होतो.

आणि ती तुरीतली अंडी? हात लावायचा नाही. घरट्याभोवती दोन-तीन पावलांचं गवत तसंच सोडून खुरपणी पुढं न्यायची, कडेला एक काडी रोवून ठेवायची, म्हणजे कोळपं तिकडं जाणार नाही. कुत्र्याला त्या बाजूला फिरकू द्यायचं नाही. माणसं लांब गेली की तास-दोन तासांत लांडोर बहुतेक वेळा परत येते. पाठ गवताच्या रंगाची असल्यानं ती बसली आहे की नाही हे दहा पावलांवरूनही कळत नाही, म्हणून जवळ जाऊन पाहायचा मोह टाळायचा. पिल्लं निघाली की अंग वाळताच, फार तर दुसऱ्या दिवशी, ती त्यांना घेऊन बांधाकडं निघते. पुढच्या खुरपणीला त्या खळग्यात टरफलं सापडतील. रुंद बाजूनं टोपीसारखं झाकण निघालेलं असेल तर पिल्लं स्वतः बाहेर पडली. टरफल कुठूनही चुरडलेलं असेल तर मुंगूस येऊन गेलं.